ट्यूरिंग न वाचता

मराठीच्या विद्यार्थ्याने ज्ञानेश्वरीची एक ओवीही न वाचता, केवळ गाइडांवर पदवी मिळवली तर आपण हळहळतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अ‍ॅलन ट्यूरिंगचे एक पानही न वाचता पदवी घेतली, तर मात्र कोणाला काही वाटत नाही.

पाठ्यपुस्तकात ‘ट्यूरिंग यंत्र’ व्याख्येच्या चौकटीत बंदिस्त होऊन येते. १९३६ सालच्या मूळ निबंधात त्यामागे एक साधा प्रश्न दिसतो : कागदावर आकडेमोड करणारा माणूस क्षणोक्षणी नेमके काय करतो? तेथे ‘कॉम्प्युटर’ हा शब्दही अशा माणसासाठीच आला आहे. त्या निबंधात चुकाही होत्या. ट्यूरिंगला पुढे दुरुस्ती छापावी लागली. थोरांचा विचारही चाचपडत पुढे जातो, हे विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातून कधीच कळत नाही.

असे निबंध कठीण असतात आणि अभ्यासक्रमात सवड नसते, हे आक्षेप खरेच आहेत. म्हणून पाठ्यपुस्तक बाजूला सारावे, असे माझे म्हणणे नाही. परंतु एका सत्रात एक तरी निबंध शिक्षकासोबत सावकाश वाचला जावा. प्रोग्रामिंगच्या भाषा येतात आणि जातात. प्रश्न मांडण्याची रीत टिकते. केवळ तयार उत्तरांवर पोसलेला विद्यार्थी उद्या नवा प्रश्न कसा विचारणार?