फुकट आहे, बेवारस नाही

वऱ्हाडातला कापूस बाहेर जातो, कापड होऊन भाव चढवून आपल्याच बाजारात परत येतो. आपल्या आज्यापासून हे चालू आहे. आता सॉफ्टवेअरचं तेच चाललंय.

लिनक्स १९९१ पासून हजारो लोकांनी लिहिलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनात ते आहे, पुष्कळ वाय-फाय राउटरांतही आहे. ते फुकट आहे, बेवारस नाही! त्यावर लिहिणाऱ्यांचा कॉपीराइट आहे आणि जी.पी.एल. नावाचा परवाना आहे. त्याची मुख्य अट साधी : वापरा, बदला, विका, पण ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही द्या. अनेक कंपन्या माल उचलतात आणि अट गिळून बसतात.

कायदा कोणाला धरतो? अमरावती-अकोल्याच्या गल्लीतला डी.टी.पी.वाला पोरगा जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरताना सापडला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब तयारच आहे : ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. जी.पी.एल.ची अट मोडून माल विकणं हेही कॉपीराइटचंच उल्लंघन. मग तिथं धाड काऊन पडत नाही भाऊ?

काही दोस्त म्हणतात, कॉपीराइट म्हणजे सावकाराचं कुलूप, ते आपण कशाला हातात घ्यायचं? अरे, ते सोडलं तर सावकाराला अडवणार कशानं? कॉपीराइट आहे म्हणूनच अट घालता येते.

आणि अट चालते. लोकांनी रेटा लावला म्हणून लिंकसिसला २००३ मध्ये आपल्या राउटरचा सोर्स कोड द्यावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज कित्येक जुने राउटर त्यावर चालतात. २००४ मध्ये हाराल्ड वेल्टे या प्रोग्रामरनं साइटकॉम कंपनीला म्युनिकच्या कोर्टात खेचलं, कोर्टानं जी.पी.एल. मानला, कंपनीला मनाई केली.

किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये आला. न मागता कोणत्या मालकानं वेतन दिलं?

तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरापोरींनो, फोनच्या सेटिंगमधले परवाने उघडून वाचा. जी.पी.एल. दिसला की कंपनीला लेखी पत्र टाका, सोर्स कोड मागा. बिल जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर मूळ लिहिणाऱ्यांना कळवा. कोर्टात जायचा पहिला हक्क त्यांचा आहे, पण अकोल्याच्या दुकानात काय विकलं जातंय हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?