पेला आणि सोबत



गेल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक माउली मजकडे आली व म्हणाली, "फादर, प्रवचनात तुम्ही गुत्त्याला नावे ठेवता, ते योग्यच आहे. पण मुलगे शहरात गेले. आता आमच्या ह्यांनी संध्याकाळी बोलावे तरी कोणाशी? तेथे निदान चार माणसे भेटतात." तिचा पती कित्येकदा रिकाम्या खिशाने घरी परतला आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही तिच्या प्रश्नाला मला तत्काळ उत्तर देता आले नाही.

विचार करता करता माझे मन आयर्लंडकडे वळले. तेथील खेडेगावात एक देऊळ व एकदोन 'पब' असावयाचेच. पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', अर्थात सार्वजनिक घर. जुन्या पबमध्ये दर्शनी भागी वाण्याचे दुकान असे. तेथे चहा, साखर, खिळे मिळत आणि आतल्या बाजूस मद्याचा पेला. काही पबांत 'स्नग' नावाची दाराआडची छोटी खोली असे. ज्यांना चारचौघांत पिणे अवघड वाटे, अशा स्त्रिया, पोलीस, आणि खरे सांगावयाचे तर आम्हा धर्मगुरूंपैकीही काही, तेथे बसत! बाजार आटोपल्यावर शेतकरी येथेच जमत. अंत्यविधीनंतर मृताच्या आठवणी येथेच निघत. कोणी फिडल काढी, कोणी बासरी, आणि रात्र सरे.

या घराला दुसरी बाजूही होती. एकाने सर्वांसाठी पेले मागवावयाचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, अशी तेथील रीत. पाच जण बसले की पाच पेले ठरलेलेच. ज्याला एकच हवा असे, त्यालाही उठता येत नसे. मैत्रीची रीतच गळफास होई, आणि घरी मुले भाकरीची वाट पाहत.

हे दुःख पाहून कपुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १० एप्रिल १८३८ रोजी कॉर्क शहरात मद्यत्यागाची चळवळ आरंभिली. थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली. परंतु ही चळवळ केवळ 'पिऊ नका' एवढे सांगून थांबली नाही. तिच्यातून ठिकठिकाणी वाचनालये उघडली, वाद्यवृंद निघाले. पेला काढून घेतला तर त्या हाताला दुसरे काही दिले पाहिजे, हे त्या लोकांनी ओळखले होते. पुढे १८९८ मध्ये येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी डब्लिनमध्ये 'पायोनियर' संघटना स्थापिली. तिचे सभासद येशूच्या पवित्र हृदयाचे पदक छातीवर लावतात.

कायद्यानेही उपाय योजले. १९२७ च्या कायद्याने शुभ शुक्रवारी पब बंद ठेवणे सक्तीचे झाले. हे बंधन २०१८ मध्ये उठले. डब्लिन व कॉर्क येथे दुपारी तासभर पब बंद असत. लोक त्याला विनोदाने 'पवित्र तास' म्हणत. तोही १९८८ मध्ये संपला.

आता काळाने निराळेच वळण घेतले आहे. २००५ नंतर आयर्लंडमधील सुमारे दोन हजार पब बंद पडले. तरुण मुले शहराकडे गेली. मद्य पिऊन वाहन हाकण्याविरुद्धचे कायदे कडक झाले, आणि ते योग्यच. मोठ्या दुकानांतून स्वस्त बाटल्या मिळू लागल्या. पब बंद झाले म्हणून पिणे बंद झाले काय? नाही. माणूस बाटली घेऊन घरी एकटा बसू लागला. पेला राहिला, सोबत गेली! दूरच्या शेतावर एकटा राहणारा वृद्ध चार दिवस दिसला नाही, तर पूर्वी पबमध्ये विचारपूस होई. आता ती कोणी करावी?

शेजारच्या इंग्लंडमध्ये, कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने या प्रश्नाला एक उत्तर दिले. तेथील पब परक्या हाती जाऊ नये म्हणून २००३ मध्ये लोकांनी भाग जमवून तो सहकारी तत्त्वावर विकत घेतला. आपल्याकडील दूधसंस्था व पतपेढ्या ज्यांनी उभारल्या, त्यांना ही गोष्ट नवलाची वाटू नये. गावाची बैठक हे गावाचेच धन आहे, हे त्या लोकांना उमगले.

वाचकहो, आपण गुत्ता विकत घ्यावा असे मी सुचवीत नाही! काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा प्रभूने यजमानाची लाज राखली. पण ज्या पेल्यापायी घरातली चूल विझते, त्याची तरफदारी मी कधीही करणार नाही. मात्र त्या माउलीने माझी चूक माझ्या पदरात घातली, हे मी कबूल करतो. इतकी वर्षे मी गुत्त्याचे दार बंद करा म्हणत आलो; दुसरे दार मात्र उघडले नाही. देवळालगतच्या खोलीला संध्याकाळी सहानंतर कुलूप असते, आणि किल्ली माझ्याच खिशात असते.

येत्या रविवारपासून ती खोली रोज रात्री नऊपर्यंत उघडी राहील. वर्तमानपत्र, कॅरम आणि दिवा यांची सोय मी करीन. चहाची जबाबदारी पाळीपाळीने घरोघरी घ्यावी. तेथे प्रवचन होणार नाही, याची हमी देतो. माउलीला माझे उत्तर एवढेच: बाई, त्यांना घेऊन या, आणि शेजारचा जो एकटा बसला असेल, त्यालाही हाक मारा.