जीभ काळी पडली तर

अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना एखाद्याची जीभ अचानक काळी पडते. तिच्यावर केस उगवल्यासारखे दिसतात. माणूस हबकतो, कॅन्सरची शंका घेतो आणि गोळ्या बंद करतो. ते केस नसतात. जिभेवरचे धाग्यासारखे उंचवटे एरवी मिलिमीटरभरही नसतात, झिजत राहतात. औषधाने तोंडातल्या जिवाणूंचे संतुलन बिघडले की ते झिजेनासे होतात, लांबतात आणि त्यांत अडकलेले अन्नकण, जिवाणू, बुरशी त्यांना काळपट रंग देतात. मऊ ब्रशने जीभ घासली, तंबाखू-सिगारेट सोडली की बहुधा काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. पण हे त्या माणसाला आधी कोणी सांगितलेले नसते.

मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू होते. दोन्ही तात्पुरते. जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर धरला तर मात्र ती बुरशी असू शकते. आपल्याकडे ‘तोंड आलं’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेतात. बुरशी त्याने जात नाही, तिला बुरशीवरचेच औषध लागते. आठ वर्षांखालच्या मुलाला टेट्रासायक्लिन दिले तर घडणाऱ्या दातांत ते कॅल्शियमला चिकटून बसते आणि कायमचे डाग राहतात. आणि ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकू लागला, तर ती अ‍ॅलर्जी आहे. पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठायचे.

कशाला घाबरायचे नाही आणि केव्हा वाट पाहायची नाही, हा फरक रुग्णाने स्वतः ओळखावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. पट्टी कापून सहा गोळ्या हातात पडतात, माहितीपत्रक खोक्यातच राहते, आणि तेही बारीक इंग्रजीत. क्षयाच्या उपचारात रिफॅम्पिसिनने लघवी, थुंकी, घाम तांबूस होतो, हे औषध सुरू करतानाच सांगण्याची पद्धत आहे. कारण सहा महिन्यांचा उपचार भीतीने तुटणे परवडत नाही. हीच काळजी पाच दिवसांच्या कोर्सलाही मिळायला हवी. 2014 पासून ठरावीक अँटिबायोटिक विकताना दुकानदाराला रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहावे लागते. ते लिहितानाच त्याने दोन वाक्ये मराठीत बोलावीत, आणि त्याआधी डॉक्टरांनी ती चिठ्ठीवर लिहून द्यावीत.