फटफटीची ठिणगी

जुनी वस्तू जपायची म्हणजे तिला हातच लावायचा नाही, असे मानणारी मंडळी आपल्या मराठी घरांत पुष्कळ आहेत. सुरतेच्या माझ्या आप्तांत सध्या याच मुद्द्यावर दोन तट पडले आहेत. वादाचा विषय वडिलांच्या मागे राहिलेली जावा फटफटी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील, १९६० नंतरच्या दशकातली. थोरल्या बंधूंना तिचे सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावयाचे आहे. धाकट्यांना तो वडिलांचा अवमान वाटतो. मी थोरल्यांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर.

पॉइंट म्हणजे धातूच्या दोन बारीक टिकल्या. त्या विलग होताच कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. दोहोंतील अंतर अवघे ०.४ मिलिमीटर. वापराने टिकल्या जळतात, त्यांना उचलणारी टाच झिजते आणि ठिणगी अवेळी पडू लागते. त्यात ६ व्होल्टची बॅटरी मंदावली आणि सुरतेच्या पावसाळ्याची ओल भरली की किक मारता मारता माणूस घामाघूम होतो. नव्या पद्धतीत फिरत्या चुंबकाच्या इशाऱ्यावर ठिणगी पडते. घासण्याजोगे काही उरतच नाही.

धाकट्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. परंतु तशी नोंदविलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढण्याची मुभा नाही. वडील तर तिच्यावरून रोज कामाला जात. मग त्यांची आठवण कशात आहे? टिकल्यांत की चालण्यात?

आता माझी अट. कोठेही भोक पाडू नये, काही कापू नये. जुनी प्लेट, कंडेन्सर व कॉइल तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी लावून डब्यात ठेवावीत. आणि काढण्यापूर्वी घरातल्या मुलाने जाणत्या मिस्त्रीजवळ बसून पॉइंटचे टायमिंग एकदा स्वतः लावावे. कारण सुटा भाग डब्यात राहतो, हातची विद्या राहत नाही.

आपल्या घरांत वीज आली म्हणून समई कोणी मोडीत घातली नाही. येत्या दसऱ्याला फटफटीला हार घालाच. पण मग तिला तापीच्या पुलावरून एक फेरी मारून आणा.