देवीला थारा देणारी घरे

उत्तर कोलकात्यात एक जुनी समजूत अजून सांगितली जाते. दुर्गा माहेरी आली की दागिने घालायला जोडासांकोला शिवकृष्ण दाँ यांच्या घरी जाते, जेवते कुमारटुलीच्या अभयचरण मित्रांकडे आणि रात्रभर नाचगाणे पाहते ते शोभाबाजारच्या राजवाड्यात. व्यापारातून आणि कंपनी सरकारच्या चाकरीतून वर आलेल्या घराण्यांनी घरातच पूजेचे ठाकुरदालान बांधले आणि अंगण गावाला खुले केले. शोभाबाजारची पूजा सुरू झाली 1757 मध्ये, प्लासीची लढाई झाली त्याच वर्षी. तिथे यजमान घर असते आणि गाव पाहुणा.

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत हे नाते उलटे आहे. इथे यजमान गाव, आणि घराला असतो तो मान.

याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेस आणि साष्टीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडली, घरातली पूजासुद्धा गुन्हा ठरली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराने डिचोलीतल्या नार्व्याला आसरा घेतला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभारायला लावले. डिचोली आणि पेडणे तेव्हा पोर्तुगीजांच्या मुलखाबाहेर होती. पोर्तुगीजांकडे डिचोली गेली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि या नव्या मुलखातल्या देवळांना व चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण ठरले होते. देवी आपल्या जागी राहिली. तिला कुणा श्रीमंताच्या अंगणात आणून बसवण्याची वेळच आली नाही.

पेडण्याचेच पाहा. देशप्रभूंचा वाडा गोव्यातल्या भव्य हिंदू वास्तूंपैकी एक. या घराण्याला पोर्तुगीज राजाने व्हिस्काउंट हा किताब दिला. तरी दसऱ्यापासून पुनवेपर्यंत गर्दी लोटते ती भगवतीच्या देवळापाशी, दारातल्या त्या दोन दगडी हत्तींसमोर. रवळनाथ-भूतनाथाची तरंगे, म्हणजे लुगडी नेसवलेले देवाचे खांब, निघतात, ढोल वाजू लागतात, अंगात देवाचा अवसर येतो, लोक कौल मागतात. कोजागरीच्या रात्री भूतनाथ रुसतो. एका रात्रीत देऊळ बांधून देण्याचा शब्द गावाने पाळला नाही, हा त्याचा राग. गाव त्याची समजूत घालते, नवा वायदा करते आणि तो परत फिरतो. सिंधुदुर्गातूनही माणसे ही पुनव पाहायला येतात. या साऱ्यात वाड्याला मान असतो, तसा तो तरंग धरणाऱ्याला, ढोल वाजवणाऱ्याला आणि तेल पुरवणाऱ्यालाही असतो. एकाने हात आखडला तर पुढचे अडते. कोलकात्याच्या राजवाड्यात एवढा मोठा वाटा वाजंत्र्याला मिळाला नसावा, असे आम्हाला वाटते.

डिचोली तालुक्यात शिरगावची लईराई आहे. वैशाख शुद्ध पंचमीला तिचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात, आणि त्या रात्रीची छायाचित्रे सगळीकडे छापून येतात. त्यानंतरच्या दिवसांकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. तेव्हा देवीचा कळस गावात घरोघरी जातो. सारवलेले अंगण, उंबऱ्याशी समई, ताटात मोगरीची फुले, आणि सुवासिनी ओटी घेऊन उभी. घर कौलारू असो की दुमजली, कळस तिथे येतोच. देवीच्या उत्सवाचे याहून सुंदर रूप आम्हाला ठाऊक नाही.

बंगालच्या व्यापारी घराण्यांच्या सर्वांत जवळ जाणारी गोव्यातली कथाही डिचोलीतूनच निघते. पणजीच्या महालक्ष्मीबद्दल देवस्थानाची परंपरा सांगते, की छळाच्या काळात देवी डिचोलीतल्या मयें गावी होती. तिथून तिला पणजीला आणले आणि देऊळ होईपर्यंत तिचा मुक्काम म्हामाय कामतांच्या घरी पडला. हे घराणे अठराव्या शतकाच्या अखेरचे मोठे व्यापारी आणि दलाल. त्यांची गलबते आणि हुंड्या यांचा हिशेब सांगणारी दप्तरे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात अभ्यासकांना पाहता येतात. आडनावातच म्हामाय, म्हणजे महामाया. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, बंद झाले 1812 मध्ये आणि 1818 मध्ये पणजीत महालक्ष्मीच्या देवळाला सरकारी परवानगी मिळाली. व्यापाऱ्याच्या घरातून देवी देवळात गेली आणि तिचे दार सगळ्यांना उघडे झाले. घराने तिला थारा दिला, स्वतःकडे ठेवून घेतले नाही.

मानाची ही व्यवस्था निर्दोष नाही. मान जातीच्या उतरंडीने वाटला गेला, आणि म्हाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, यादीत पिढ्यान् पिढ्या पुरुषांचीच नावे आली. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये म्हाजनीचा कायदा केला आणि गावाच्या सवयीने चालणारी गोष्ट कागदावर गोठली. पालखी आधी कुणाच्या खांद्यावर, या प्रश्नावरून गावे दुभंगली, कोर्टाच्या पायऱ्या चढली. मान म्हणजे हक्क एवढेच ज्यांना आठवते, ते मानामागची सेवा विसरतात.

आज अडचण दुसरीच आहे. मान आहे, पण माणूस नाही. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्यातल्या जमिनीचे भाव चढले. जुनी घरे विकली जात आहेत. डिचोलीत खाणी बंद पडल्या आणि तरुण बाहेर गेले. राजांगणाची कौले खचलेल्या घरांत देवखोलीपुरता दिवा लावायला कुणी तरी चुलतभाऊ येतो. बंगालमधल्या जुन्या घराण्यांनी पूजेची पाळी भावकीत वाटून घेतली. ज्याची पाळी तो देशोदेशीहून परततो. तसे इथेही करता येईल, करायला हवे. घर विकले तरी तेलाचा, लुगड्याचा, ओटीचा मान विकला जात नाही, हे खरेदीखतावर सही करताना भावकीने आपसात ठरवून घ्यावे.

देवस्थान समित्यांनीही एक काम याच वर्षी हाती घ्यावे. कोणत्या घराकडून काय येते, तरंगाला लुगडे कोण नेसवतो, गाऱ्हाणे कोण घालतो, कोणत्या वळणावर पालखी थांबते, हे म्हाताऱ्या मानकऱ्यांना आणि त्यांच्या घरातल्या बायकांना विचारून एका वहीत उतरवावे. बायकांना आवर्जून विचारावे. ओटीत काय घालायचे आणि कळस आला की आधी कुणी पुढे व्हायचे, हे त्यांनाच पाठ असते, आणि आजवरच्या एकाही यादीत ते लिहिलेले नाही.