नकाराला दिलेले उत्तर

निकालांचे दिवस आले की दरवर्षी अनेक मध्यमवर्गीय घरांवर अवकळा पसरते. हव्या त्या शाखेचा प्रवेश दोन-चार गुणांनी हुकतो आणि जणू आयुष्याचेच दार बंद झाले, अशा सुरात वडीलधारी मंडळी बोलू लागतात. मुलाने अद्याप हार मानलेली नसते. घराने ती त्याच्या वतीने मानलेली असते. अशा वेळी पुण्यात झालेल्या एका प्रयत्नाचे स्मरण उद्बोधक ठरावे.

ऐंशीच्या दशकात अत्याधुनिक महासंगणक भारताला देण्यास अमेरिका राजी नव्हती. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांच्या संशोधनासाठी त्याचा वापर होईल, ही त्यामागील शंका. हवामानाच्या अंदाजासाठी म्हणून जे यंत्र मिळाले, तेही कडक निर्बंधांसह. या नकारावर निषेधाची भाषणे करून गप्प बसता आले असते. परंतु १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच 'सी-डॅक', स्थापन झाले आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याची धुरा आली.

एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याची साधने तेव्हा देशात नव्हती. म्हणून या संशोधकांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. एक महाबली मिळत नसेल, तर अनेक सामान्यांना एकत्र जोडून काम त्यांच्यात वाटून का देऊ नये? याच समांतर संगणनाच्या तत्त्वावर १९९१ साली 'परम ८०००' साकार झाला. त्यातील ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक मूळचे ब्रिटनचे होते. त्यांची जुळणी आणि त्यांना एकदिलाने कामाला लावणारी प्रणाली ही येथील बुद्धीची कमाई होती. पुढे १९९८ मध्ये 'परम १००००' आला आणि २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत 'परम शिवाय' कार्यान्वित झाला. आज जगातील आघाडीचे सर्व महासंगणक समांतर रचनेचेच आहेत. नाइलाजाने धरलेली वाट राजमार्ग ठरली!

या यशाचे मर्म निव्वळ आशावादात नाही. संशोधकांनी अडचण नाकारली नाही, तिचे नीट मोजमाप केले. काय नाही, याची यादी करून ते थांबले नाहीत. हाती काय आहे, याचीही त्यांनी यादी केली. बाहेरून जे घेणे शक्य होते, ते घेण्यात कमीपणा मानला नाही. स्वावलंबन म्हणजे दारे लावून बसणे नव्हे. दुसऱ्याच्या नकारावर आपले भवितव्य अवलंबून न ठेवणे होय.

व्यक्तीच्या जीवनालाही हाच न्याय लागू पडतो. प्रवेश हुकलेल्या मुलाला 'आता काय होणार' असे विचारण्याऐवजी 'आता काय करता येईल' असे विचारले, तर विचारांना वेगळी दिशा मिळते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. शुल्काअभावी ज्याचे शिक्षण थांबले आहे, त्याला 'संकट हीच संधी' असे ऐकविणे हा उपदेश नव्हे, निष्ठुरपणा आहे. त्याच्यासाठी पुस्तके, वसतिगृह, शुल्क यांची व्यवस्था करणे हे समाजाचे काम आहे. दुसऱ्याची अडचण ही आपल्यासाठी सेवेची संधी असते. ती साधणाऱ्यालाच दुसऱ्याला धीर देण्याचा अधिकार पोहोचतो.

एकेक प्रक्रियक सामान्यच होता. जोडला गेला तेव्हा तो 'परम' झाला. कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी हे सूत्र ध्यानी ठेवावे. या वर्षी आपल्या वस्तीत ज्याचे दार बंद झाले आहे, अशा एका तरी मुलाच्या घरी जावे आणि त्याच्यासोबत बसून, हाती काय आहे त्याची यादी करावी. आरंभ तेथूनच होतो.