निविदा बाद का झाली, हे लेखी सांगा

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : सैन्याच्या सेवा-कंत्राटांची छाननी आणि त्यावरील तक्रारींचा स्वतंत्र निवाडा

मा. महोदय,


आमचं खापा कन्हान नदीच्या काठी आहे. हीच नदी पुढे कामठीला जाते, जिथे सैन्याची जुनी छावणी आहे. नागपुरात वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचं मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. विमानांच्या आणि तोफांच्या खरेदीवर संसदेत चर्चा होते. पण छावणीची झाडलोट, ताजा भाजीपाला, मालाची चढउतार, इमारतींची देखभाल या कामांवर सैन्याचा रोजचा दिवस चालतो आणि त्यांतली कितीतरी कामं ठेक्यावर दिली जातात. त्या ठेक्यांच्या छाननीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या परिचयातल्या एका लहान ठेकेदाराने अशाच एका कामाची निविदा भरली होती. बयाणा रक्कम भरली, अनुभवाचे दाखले जोडले. उत्तर आलं, ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’. कोणता कागद कमी पडला, कोणती अट पुरी झाली नाही, याचा उल्लेख नव्हता. आर्थिक लिफाफा उघडलाच गेला नाही, त्यामुळे त्याचा दर कमी होता की जास्त, हेही कळलं नाही. त्याच्यावर अन्याय झाला असं माझं म्हणणं नाही. निर्णय बरोबर असेलही. पण तो बरोबर होता हे त्याला पटवण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

नियम नाहीत असं नाही. सामान्य वित्तीय नियम, 2017 मधला नियम 173 सांगतो की निविदाकाराला अटींवर, प्रक्रियेवर आणि नामंजुरीवर प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि त्याने विचारणा केली तर नामंजुरीचं कारण त्याला सांगितलं पाहिजे. अडचण ‘विचारणा केली तर’ इथे आहे. पुढच्या कामासाठी त्याच कार्यालयात जायचं असतं, म्हणून लहान माणूस विचारत नाही. विचारलंच, तर ज्या कार्यालयाने निविदा बाद केली तेच कार्यालय तक्रारीचा निकाल देतं.

मग उरतं उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. टाटा सेल्युलर खटल्यात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासेल, निविदांचं मूल्यमापन स्वतः नव्याने करणार नाही. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की गुण चुकीचे दिले गेले का, हे बारकाईने पाहणारी स्वतंत्र जागा सैन्याच्या अशा ठेक्यांसाठी कुठेच नाही.

मुंबईचं एक उदाहरण आपल्यालाही माहीत असेल. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्यात निविदेतली पाच वर्षांच्या अनुभवाची अट पुरी न करणाऱ्याला काम दिलं गेलं. रमण दयाराम शेट्टी प्रकरणात 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी संस्थेने स्वतः ठरवलेला निकष तिला स्वतःला बांधून ठेवतो. निविदांच्या कायद्यात हा निकाल आजही पायाभूत मानला जातो. तरीही तो ठेका रद्द झाला नाही. याचिका उशिरा आली होती आणि तोवर ठेकेदाराने खर्च करून काम सुरू केलं होतं. तत्त्व प्रस्थापित झालं आणि ठेका होता तिथेच राहिला. दाद वेळेत मिळाली नाही तर नियम कागदावरच राहतो.

छाननीचा दुसरा प्रश्न दराचा आहे. मनुष्यबळाच्या कामात किमान वेतन, पीएफ, ईएसआय हे सगळं ठरलेलं असतं. मग सर्वात कमी दर देणारा, म्हणजे ‘एल-वन’, पैसे वाचवतो कुठून? मजुराच्या पगारातून, त्याच्या बुटांतून, हातमोज्यांतून, प्रशिक्षणातून. अर्थ मंत्रालयाच्या 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी अशा सेवांमध्येही गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. पण गुणवत्तेचे गुण माणसं देतात. ते कसे दिले हे उघड झालं नाही, तर ही मुभा मर्जीतल्या ठेकेदाराची सोय होऊन बसेल. गुणवत्ता मोजायचीच असेल तर गुणपत्रिका दाखवावी लागेल.

20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) इथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदार मजूर होते, ठेकेदाराने कामावर आणलेले. त्या ठेक्याची छाननी कशी झाली याचा निवाडा मी इथे करत नाही. पण अशा कामाची निविदा उघडताना मजुरांना कोण शिकवणार, देखरेख कोण करणार, हे दराच्या आधी विचारलं गेलं पाहिजे.

आता तक्रारींच्या निवाड्याकडे येतो. अमेरिकेत हरलेला निविदाकार संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेकडे तक्रार करू शकतो. ती संस्था संरक्षण खात्याच्या हाताखाली नाही. निकाल 100 दिवसांत द्यावा लागतो आणि तक्रार वेळेत आली तर तोवर सहसा काम थांबतं. आपल्याकडे 2012 साली लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक आलं होतं. त्यात स्वतंत्र निवारण समित्यांची तरतूद होती. 2014 साली लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं. तामिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी आपापले कायदे केले. केंद्राने केला नाही.

अशा स्वतंत्र निवाड्याला नकार देताना सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल. पण भाजीपाला आणि झाडलोट यांत गुपित कोणतं? जिथे खरंच गुपित आहे, तिथे सुनावणी बंद खोलीत घ्या. विलंबाचं कारण दिलं जाईल, तर मुदत बांधून द्या.

आपल्या मंत्रालयाने 2009 नंतर प्रथमच संरक्षण खरेदी नियमपुस्तिका नव्याने लिहिली आणि ती 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्याच पुस्तिकेत पुढील चार गोष्टी जोडाव्यात :

1. प्रत्येक बाद निविदाकाराला, त्याने न विचारताही, अटीच्या क्रमांकासह लेखी कारण मिळावं.
2. गुणांवर निवड होत असेल तर सर्वांची गुणपत्रिका कार्यादेशाआधी जाहीर व्हावी.
3. तक्रारीचा निकाल खरेदी करणाऱ्या कार्यालयाबाहेरच्या समितीने 30 दिवसांत द्यावा आणि तातडीचं काम सोडून तोवर कार्यादेश थांबावा.
4. किमान वेतन आणि सुरक्षेचा खर्च न भरून निघणारा दर विचारातच घेऊ नये.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. मंत्रालयाच्या एका आदेशाने ही सुरुवात होऊ शकते. तो आदेश आपण काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नागरिक
खापा, ता. सावनेर, जि. नागपूर